तुटलेल्या कपाचा कान

मैत्रिणींनो, आपल्या विदर्भात जूनच्या शेवटी शाळा उघडतात आणि घरोघरी एकच काम सुरू होतं. पुस्तकांना कव्हरं घालायचं. खाकी कागदाचा गठ्ठा, कात्री, डिंकाची बाटली, नावाच्या चिठ्ठ्या. पोरं एकीकडे घाई करत असतात, आणि आपण मात्र कोपरे नीट दुमडून, कण्याजवळ छोटी चीर देऊन, कागद ताणून बसवत असतो. किती वर्षं केलं हे काम! पण कुणी विचारलं, बाई तुम्हाला पुस्तकाची बांधणी येते का, तर आपण लगेच म्हणू, छे हो, ते तर घरचंच काम.

आज जिची गोष्ट सांगणार आहे, तिनेही आपल्या कामाबद्दल कधी मोठा आवाज केला नाही. फरक एवढाच की तिने पुस्तकांना घातलेले कपडे आज अमेरिकेतल्या शिकागो शहराच्या प्रसिद्ध कलासंग्रहालयात जपून ठेवले आहेत. तिचं नाव मेरी रेनॉल्ड्स. माझ्या मुलीने एके दिवशी मोबाइलवर त्या पुस्तकांचे फोटो दाखवले. एका पुस्तकाच्या बांधणीला चक्क चहाच्या कपाचा तुटलेला कान लावलेला! आपल्याकडे कप फुटला की तो घरात ठेवू नये म्हणतात, अशुभ असतो म्हणे. आणि या बाईने तो जपून पुस्तकाला लावला. मला राहवेना. मग तिच्याबद्दल जे जे मिळेल ते वाचत गेले.

मेरीचा जन्म 1891 चा, अमेरिकेतल्या मिनियापोलिस गावचा. माहेरचं आडनाव हुबाचेक. घर खातंपितं, शिकलेलं. भाऊ ब्रूक्स पुढे शिकागोत वकील झाला. मेरी व्हॅसार या मुलींच्या नामांकित कॉलेजात शिकली आणि 1913 मध्ये पदवीधर झाली. त्या काळात आपल्याकडे मुलीने चौथी पास होणं ही सुद्धा बातमी होती, हे लक्षात घ्या. पुढे मॅथ्यू रेनॉल्ड्सशी तिचं लग्न झालं. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात, जिथे लेखक, चित्रकार मंडळी राहायची, तिथे दोघांनी संसार मांडला.

पण संसार फार टिकला नाही. पहिलं महायुद्ध सुरू होतं. मॅथ्यू सैन्यातून फ्रान्सला गेला. नोव्हेंबर 1918 मध्ये युद्ध थांबलं, आता नवरा घरी येईल असं वाटत असताना 1919 च्या सुरुवातीला तो इन्फ्लुएन्झाने गेला. हीच ती साथ, जिला आपल्याकडची जुनी माणसं मानमोडी म्हणायची आणि जिने एकट्या भारतात कोटीच्या वर माणसं नेली. गोळीतून वाचलेला माणूस तापाने गेला. मेरी तेव्हा सत्तावीस वर्षांची होती.

पुढचं तुम्हाला सांगायलाच नको. तरुण विधवा मुलगी घरात असली की आईवडिलांना काय सुचतं? दुसरं लग्न कर. तिथेही हेच झालं. मेरीला ते नको होतं. 1921 मध्ये ती सरळ पॅरिसला निघून गेली. तिथे तिने नवं आयुष्य सुरू केलं.

त्या काळचं पॅरिस म्हणजे कलावंतांची जत्राच. मेरी उंच, शांत, बोलायला मोकळी. तिच्याभोवती माणसं जमायची. शिल्पकार ब्रांकुसी, तारांची शिल्पं करणारा कॉल्डर, पेगी गुगेनहाइमसारखी चित्रं जमवणारी श्रीमंत बाई, सगळ्यांशी मैत्री. याच घोळक्यात मार्सेल द्युशाँ होता. हा तोच कलावंत, ज्याने 1917 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला चिनी मातीचं मुतारीचं भांडं शिल्प म्हणून पाठवलं आणि कला म्हणजे काय हा वाद जगाला लावून दिला. तो आणि मेरी जवळ आले. ही सोबत तिच्या शेवटच्या श्वासापर्यंत, पंचवीस वर्षांहून जास्त टिकली.

पण सोबत कशी? इथे माझं मन जरा अडतं. द्युशाँला बंधन नको होतं. वेगळी खोली ठेवून राहायचा. कितीतरी दिवस हे नातं चारचौघांत दिसू नये असा त्याचा आग्रह. आणि 1927 मध्ये त्याने अचानक दुसऱ्याच एका तरुणीशी लग्न केलं! ते लग्न सहा-सात महिनेच टिकलं, 1928 च्या सुरुवातीला घटस्फोट झाला आणि तो परत मेरीकडे आला. मेरीने त्याला परत घेतलं.

आपल्यापैकी कुणी म्हणेल, काय ही बाई, दार का नाही बंद केलं? कुणी म्हणेल, प्रेम असंच असतं. मी इतकंच सांगते की बाईच्या आयुष्यातले असे निर्णय बाहेरून फार सोपे दिसतात. मात्र एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. या सगळ्यानंतर एका वर्षाने, 1929 मध्ये, मेरी पुस्तकबांधणी शिकायला गेली. वय अडतीसच्या आसपास. त्या वयात तिने हातात दाभण आणि दोरा घेतला.

इथे थोडं थांबून सांगते, म्हणजे कळेल. फ्रान्समध्ये तेव्हा बरीच पुस्तकं साध्या कागदी वेष्टनात विकायची. ज्याला पुस्तक आवडेल त्याने ते बांधणाऱ्याकडे न्यायचं आणि हवी तशी बांधणी करून घ्यायची. जसं आपण कापड घेतो आणि ब्लाउज आपल्या मापाने शिवून घेतो, तसंच. मग बांधणारा ते पुस्तक उसवणार, एकेक फर्मा वेगळा करणार, पुन्हा दोऱ्याने जुजबंदी करणार, कणा ठोकून गोल करणार, पुठ्ठे लावणार, आणि शेवटी त्यावर कातडं ताणून बसवणार. कातडंही कडेला कागदासारखं पातळ तासावं लागतं, नाहीतर दुमड जाड होते. वाळायला दाबात ठेवायचं. घाई केली की पुठ्ठा वाकलाच. पापड वाळवताना जो धीर लागतो ना, तोच धीर.

मेरी ज्यांच्याकडे शिकली ते पिएर लग्राँ म्हणजे त्या काळातलं मोठं नाव. जुन्या पद्धतीची सोनेरी वेलबुट्टी सोडून त्यांनी बांधणीत नवे आकार, नव्या वस्तू आणल्या होत्या. दुर्दैवाने त्याच वर्षी, 1929 मध्ये ते वारले. मेरीला गुरू फार दिवस लाभले नाहीत. पण हात बसला होता. पुढची वाट तिने स्वतः काढली.

आणि ही वाट होती अतिवास्तववादाची. शब्द मोठा आहे, घाबरू नका. 1924 मध्ये आंद्रे ब्रेताँ या कवीने पॅरिसमध्ये ही चळवळ जाहीर केली. म्हणणं साधं होतं. माणूस जागेपणी जेवढा विचार करतो त्यापेक्षा जास्त काहीतरी त्याच्या स्वप्नात, मनाच्या तळाशी चाललेलं असतं. ते बाहेर काढायचं. स्वप्नात कसं, माहेरच्या अंगणात सासरची विहीर दिसते आणि त्यात रेल्वेगाडी! जोड लागत नाही, तरी मनाला काहीतरी भिडतं. या कलावंतांनी अशाच न जुळणाऱ्या गोष्टी जोडल्या. मेरेट ओपनहाइम नावाच्या तरुण मुलीने 1936 मध्ये कपबशी आणि चमच्याला केसाळ कातडं चढवलं. बघणाऱ्याच्या ओठाला शिरशिरी आली पाहिजे!

मेरीने हेच पुस्तकात आणलं. तोवर बांधणी म्हणजे पुस्तकाचं रक्षण आणि शोभा. आपल्याकडे पोथी दोन फळ्यांमध्ये ठेवून लाल रुमालात बांधतात, ती जशी आदराची आणि जपणुकीची रीत, तशी. मेरीच्या बांधणीत मात्र पुस्तक उघडण्याआधीच ते बोलायला लागतं.

1935 चं उदाहरण घ्या. आल्फ्रेड जारी नावाच्या लेखकाचं एक विनोदी, पण झोंबणारं नाटक आहे, ‘युब्यू र्वा’. त्यात एक ढेरपोट्या, हावरट, भित्रा माणूस राजा होऊन बसतो. द्युशाँने कल्पना काढली आणि मेरीने ती कातड्यात उतरवली. पुढचा पुठ्ठाच यू या अक्षराच्या आकारात कापलेला, कण्याच्या जागी बी, मागचा पुठ्ठा पुन्हा यू. पुस्तक उघडून पालथं ठेवलं की राजाचं नाव वाचता येतं. आणि पुढच्या अक्षराच्या पोकळीतून आतल्या कागदावरचा सोनेरी मुकुट दिसतो. विचार करा, पुठ्ठ्याला अशी मोठी खाच पाडून, त्याच्या वळणावळणावर कातडं सुरकुती न पडता बसवायचं. शिवणकाम करणाऱ्या बायांना कळेल, गोल गळ्याला पायपिंग लावताना काय होतं ते! आणि बहुतेक वेळा आधी नाव येतं ते द्युशाँचं. कल्पना त्याची, हे खरं. पण हात मेरीचे.

दुसरं पुस्तक 1937 चं, ‘मोकळे हात’ अशा अर्थाच्या नावाचं. मॅन रे यांची रेखाटनं आणि पॉल एल्युआर यांच्या कविता. मेरीने काय केलं, मऊ कातड्याचे बाईचे हातमोजे घेतले, ते उसवले आणि बांधणीत बसवले. पुस्तक हातात घेतलं की आपला हात त्या रिकाम्या हातावर पडतो. नुसतं वर्णन वाचूनही अंगावर काटा येतो की नाही?

आणि तो कपाचा कान? रेमाँ केनो या लेखकाची 1948 साली आलेली कादंबरी आहे, ‘सँ-ग्लँग्लँ’. त्यातल्या गावात एक सण असतो, आणि त्या सणाला लोक चिनी मातीची भांडी फोडतात. मेरीने पुस्तक वाचलं आणि कपाचा तुटलेला कान बांधणीला लावला. म्हणजे मनाला येईल ते चिकटवलं असं नाही. आधी पुस्तक वाचायचं, त्याचा जीव कशात आहे ते ओळखायचं, आणि मग घरातली एखादी साधी वस्तू उचलायची. कप, हातमोजा, या सगळ्या बाईच्या हाताखालच्या वस्तू आहेत. मोठमोठ्या कलावंतांच्या डोक्यातली स्वप्नं मेरीने स्वयंपाकघरातल्या आणि कपाटातल्या वस्तूंनी बांधली.

तिने दुकान थाटलं नाही. बहुतेक पुस्तकं तिच्या स्वतःच्या संग्रहातली आणि मित्रांनी लिहिलेली. पॅरिसच्या रु हाले या रस्त्यावर 14 नंबरच्या घरात ती राहायची. भिंतीवर नकाशे चिकटवलेले, एका भिंतीवर तिच्या कानातल्यांचा संग्रह टांगलेला. मागे बाग. संध्याकाळी जेवायला कोण ना कोण असायचंच. 1939 च्या सुरुवातीला मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो पॅरिसला आली. ज्यांच्या बोलावण्यावरून आली होती तिथे तिची नीट सोय नव्हती, चित्रं कस्टममध्ये अडकलेली, त्यात मूत्रपिंडाचा आजार होऊन दवाखान्यात पडली. दवाखान्यातून सुटल्यावर तिला मेरीने आपल्या घरी नेलं. परक्या मुलखात आजारी पडलेल्या बाईला दुसऱ्या बाईने घरी नेऊन गरम जेवू घालणं, याला कुठल्या कलेच्या इतिहासात जागा असते? पण फ्रिडा त्यामुळेच बरी होऊन परतली, असं मला वाटतं.

मग दुसरं महायुद्ध. जून 1940 मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. ज्याला जमेल तो पळत होता. मेरी आणि द्युशाँ काही दिवस समुद्रकाठच्या आर्काशाँ गावी होते. तिथे पुढे नोबेल मिळवणारा लेखक सॅम्युएल बेकेट वणवण करत आला, तेव्हा त्याला आसरा शोधून द्यायलाही मेरीच धावली. नंतर ती पॅरिसला परत आली. 1942 मध्ये द्युशाँ अमेरिकेला निघून गेला. मेरीकडे अमेरिकेचं नागरिकत्व होतं, तिला आधीच जाता आलं असतं. सगळे सांगत होते. ती गेली नाही. ते घर, ती पुस्तकं, ती माणसं सोडायला ती तयार नव्हती.

आणि ती नुसती थांबली नाही. जर्मनांविरुद्ध गुप्तपणे काम करणाऱ्या एका गटात ती सामील झाली. गटाचं नाव ‘ग्लोरिया’. तो चालवणारी जानिन पिकाबिया ही तरुण मुलगी, तिची आई गॅब्रिएल ब्युफे-पिकाबियाही त्यात, आणि बेकेटसुद्धा. निरोप पोचवायचे, शत्रूच्या हालचालींची माहिती बाहेर पाठवायची, लपायला आलेल्याला जागा द्यायची. मेरीला सांकेतिक नाव मिळालं, अर्थ साधारण ‘शांत मेरी’ असा. जेवायला माणसं येण्याची सवय असलेलं घर, त्यात रात्री-बेरात्री कुणी आलं तर शेजाऱ्यांना काय नवल! बाईच्या घरपणाचा असाही उपयोग होतो.

ऑगस्ट 1942 मध्ये गटाचा घात झाला. घात करणारा कोण, तर रोबेर आलेश नावाचा एक धर्मगुरू. लोक त्याच्यावर विश्वास ठेवायचे आणि तो जर्मनांकडून पैसे घ्यायचा. कितीतरी जण पकडले गेले, छळछावण्यांत गेले, अनेक परतलेच नाहीत. युद्धानंतर 1949 मध्ये त्याला मृत्युदंड झाला. मेरी निसटली. एक्कावन्न वर्षांची बाई, 1942 संपताना पिरेनीज पर्वत पायी ओलांडून स्पेनमध्ये उतरली, तिथून पोर्तुगालच्या लिस्बनला आणि जानेवारी 1943 मध्ये न्यूयॉर्कला पोचली. संग्रह, अवजारं, घर, सगळं मागे ठेवून.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या ‘न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकात जेनेट फ्लॅनर या पत्रकार बाईने तिच्या सुटकेवर मोठा लेख लिहिला. पण त्यात मेरीचं नाव नव्हतं. मागे राहिलेल्यांच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून तिला ‘मिसेस जेफ्रीज’ केलं होतं. योगायोग पाहा. प्रेमात नाव झाकलेलं, कामात नाव मागे, आणि जिवावर उदार होऊन जे केलं त्यातही नाव दुसरंच!

1945 मध्ये युद्ध संपल्यावर ती परत पॅरिसला गेली. द्युशाँ न्यूयॉर्कलाच राहिला. ती रु हालेच्या घरात पुन्हा बांधणीला बसली. तो कपाचा कान याच दिवसांतला. पण तब्येत ढासळत गेली. गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. हे वाचताना मला फार चुटपुट लागली, कारण बायांनी दुखणं अंगावर काढणं मी आपल्या जिल्ह्यातल्या गावांत रोज बघते. मेरीला ते केव्हा कळलं असेल कोण जाणे. शेवटच्या दिवसांत द्युशाँ समुद्र ओलांडून तिच्याजवळ आला. 30 सप्टेंबर 1950 ला मेरी गेली. साठीही गाठली नव्हती.

नंतर भावाने, ब्रूक्सने, बहिणीची पुस्तकं आणि कागदपत्रं शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटला दिली, तिच्याच नावाने. द्युशाँने घरातलं सामान लावायला मदत केली, आणि 1956 मध्ये संग्रहाची सूची छापून आली तेव्हा तिला प्रस्तावना लिहिली. भाऊ असावा तर असा, असं मला मनापासून वाटलं. त्याने ती पुस्तकं वाटून टाकली असती, रद्दीत गेली असती, तर आज मेरी म्हणजे फक्त द्युशाँच्या चरित्रातल्या दोन ओळी झाल्या असत्या. 2025 मध्ये याच संस्थेत फ्रिडाच्या त्या पॅरिस-मुक्कामावर प्रदर्शन भरलं. त्याच्या नावात, फ्रिडाच्या बरोबर, मेरी रेनॉल्ड्स हे नाव होतं. जाऊन पंचाहत्तर वर्षं होत आली होती, तेव्हा.

बचत गटाच्या कामानिमित्त मी गावोगाव फिरते. फॉर्म भरताना विचारते, ताई, काय करता? उत्तर ठरलेलं. काही नाही, घरीच असते. आणि बोलता बोलता तिच्या मांडीवरच्या सुपात तेंदूपत्ता असतो, बोटं बिडी वळत असतात. त्या बिडीच्या बंडलावर कारखानदाराचं नाव छापलं जातं. वळणारीचं कधीच नाही. आता मी फॉर्मवर ‘काही नाही’ लिहून घेत नाही. परत विचारते. हाताने काय काय येतं ते सांगा. गोधडी येते, लाखोळीच्या वड्या येतात, मोहाची फुलं वाळवून ठेवता येतात, भिंतीवर चौक काढता येतो. मग रकाना अपुरा पडतो.

यंदा मुलांच्या पुस्तकांना कव्हरं घालाल तेव्हा एक करून बघा. पुस्तकावर नेहमी पोराचंच नाव असतं. कव्हराच्या आतल्या घडीत, कुणाला दिसणार नाही अशा जागी का होईना, बारीक अक्षरात आपलंही नाव आणि साल लिहून ठेवा. वर्षाअखेरी कव्हर निघेल तेव्हा पोरगं वाचेल.